अनेक हातांची एक वही

शाळेंतील निबंधाच्या वहीचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. सोमवारीं विषय फळ्यावर लिहिला जातो, बुधवारीं वह्या गोळा होतात, आणि पन्नास-साठ वह्यांचा तो गठ्ठा शिक्षकाच्या घरीं जाऊन बसतो. रात्रीं जेवण आटोपल्यावर लाल शाईची लेखणी घेऊन शिक्षक एकेक वही उघडतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांभोंवतीं वर्तुळें काढतो, समासांत 'वाक्यरचना सुधारा' असें लिहितो, आणि दहापैकीं साडेपांच गुण देऊन पुढील वही ओढतो. आठ-दहा दिवसांनीं वही विद्यार्थ्याच्या हातीं परत येते. तो आपले गुण पाहतो, शेजाऱ्याचे पाहतो, आणि वही मिटतो. समासांतील त्या दोन शब्दांसाठीं शिक्षकानें जें जागरण केलें, तें बहुतेक व्यर्थ गेलेलें असतें.

शिक्षकास वेळ नसतो आणि विद्यार्थ्यास गोडी नसते, हें कारण नेहमीं सांगितलें जातें व तें खोटेंहि नाहीं. पण खरी अडचण याहून खोल आहे. शिक्षकाच्या हातीं जें पडतें तें लेखन संपल्यानंतरचें असतें. विद्यार्थी पहिल्याच वाक्याशीं किती वेळ अडला, कोणतें वाक्य त्यानें लिहून खोडलें, कोणता परिच्छेद मार्गदर्शिकेंतून उतरविला आणि कोणता थोरल्या बहिणीनें सांगितला, यांपैकीं कांहींच त्या पक्क्या प्रतींत उमटत नाहीं. सुतार आपल्या हाताखालच्या पोराला शिकवितो तेव्हां तो तयार चौरंगाकडे पाहत नाहीं; रंधा धरणाऱ्या हाताकडे पाहतो. तबल्याच्या उस्तादाची नजर शिष्याच्या बोटांवर असते. लेखन शिकविणारा तेवढा एकच असा गुरु, कीं ज्याला शिष्याचा हात चालतांना कधीं दिसत नाहीं.

गेल्या तीस वर्षांत इंटरनेटवर सामायिक लेखनाचीं जीं साधनें निघालीं, त्यांचें शाळेच्या दृष्टीनें महत्त्व येथें आहे. तीं जलद आहेत, सोयीचीं आहेत, कागद वांचवितात, हें सर्व ठीकच. पण लेखन घडत असतां तें पाहतां येणें, हा त्यांचा खरा गुण होय. तो गुण कसा उत्पन्न झाला आणि तो केव्हां कामास येतो व केव्हां येत नाहीं, हें थोडें तपशिलानें पाहण्यासारखें आहे.

ह्या साधनांतील सर्वांत साधें साधन म्हणजे 'विकी'. वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें २५ मार्च १९९५ रोजीं पहिली विकी इंटरनेटवर ठेविली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनीं आपले अनुभव एकमेकांस सांगावे, एकानें अर्धें टाकलेलें दुसऱ्यानें पुरें करावें, एवढाच त्याचा हेतु होता. नांवाची हकीकत गमतीची आहे. हवाई बेटांच्या भाषेंत 'विकी' म्हणजे जलद. होनोलूलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसगाडीला 'विकी विकी' म्हणत. तें नांव कनिंगहॅमच्या ध्यानांत राहिलें आणि त्यानें तें आपल्या पानांस दिलें. ह्या पानांचें वैशिष्ट्य असें, कीं तीं वाचणारा मनुष्य त्याच ठिकाणीं, तत्काळ, लिहिणाराहि होऊं शकतो. १५ जानेवारी २००१ रोजीं ह्याच तत्त्वावर विकिपीडिया हा ज्ञानकोश सुरू झाला, आणि १ मे २००३ रोजीं त्याच्या मराठी आवृत्तीचा आरंभ झाला.

कोणीहि लिहावें व कोणीहि बदलावें असें म्हटल्याबरोबर जुन्या शिक्षकाच्या मनांत पहिली शंका येते ती व्रात्य मुलाची. असा मुलगा क्षणांत सारें पान पुसून टाकील! पुसून टाकील, हें खरेंच. परंतु पुसलेलें नाहींसें होत नाहीं. विकिपीडियाच्या प्रत्येक पानामागें 'इतिहास' नांवाचें दुसरें एक पान असतें. कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणी, कोणता शब्द घातला अथवा काढला, याची ओळीनें नोंद तेथें राहते. कोणत्याहि दोन अवस्था शेजारींशेजारीं मांडून त्यांतील फरक पाहतां येतो, आणि बिघडविलेलें पान एका क्षणांत पूर्वस्थितीवर आणतां येतें. पानाला जोडून 'चर्चा' असतें. अमुक वाक्य कां बदललें, याचा वाद तेथें घालावयाचा असतो. नवशिक्याला सरावासाठीं जें स्वतंत्र पान मिळतें, त्याला मराठी विकिपीडियानें 'धूळपाटी' हें नांव दिलें आहे. ज्यानें कोणी हा शब्द योजिला त्याचें कौतुक केलें पाहिजे. पंतोजींच्या शाळेंत पाटीवर धूळ पसरून मुलें अक्षरें गिरवीत. चुकलें तर हात फिरवून पुन्हां आरंभ करीत. फरक एवढाच, कीं जुन्या धूळपाटीवरील चूक कायमची पुसली जाई, आणि नव्या धूळपाटीवरील चूक जपून ठेविली जाते. शिक्षणाच्या दृष्टीनें ती जपलेली चूक फार मोलाची आहे.

विकींत सामान्यतः एकानें लिहून पान जतन करावें, मग दुसऱ्यानें उघडावें, असा क्रम असतो. दोघांनीं एकाच वेळीं तेंच वाक्य धरलें तर मागून येणाऱ्यास थांबावें लागतें. दुसऱ्या जातीचीं साधनें याच्या पुढें गेलेलीं आहेत. त्यांत एकच पान दहा जणांच्या पडद्यांवर उघडें असतें आणि दहाहि जण एकदम लिहीत असतात. ही कल्पना तशी नवी नाहीं. ९ डिसेंबर १९६८ रोजीं डग्लस एंगेलबार्ट ह्यानें सॅन फ्रान्सिस्को येथील एका परिषदेंत सभेपुढें बसून, सुमारें तीस मैलांवर असलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरील मजकूर हाताळून दाखविला होता. तें पाहून लोक थक्क झाले. तथापि शाळेच्या दारापर्यंत ही गोष्ट यावयास आणखी जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. गूगल कंपनीनें २००६ सालीं 'रायटली' नांवाचें एक लहान साधन विकत घेतलें आणि त्यांतून आजचें 'गूगल डॉक्स' वाढलें. २००८ सालीं 'ईथरपॅड' निघालें. त्यांत प्रत्येक लेखकाच्या अक्षरांमागें निराळा रंग असतो आणि कोरें पान कसकसें भरत गेलें तें चित्रपटाप्रमाणें पुन्हां पाहतां येतें. पुढें तें सर्वांना मोफत व खुलें करण्यांत आलें.

दहा जण एकदम लिहितात तर घोटाळा कसा होत नाहीं, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गांत असतोच, आणि त्याला उत्तर मिळालें पाहिजे. समजा, पानावर 'नदीला पूर आला' एवढेंच वाक्य आहे. यंत्र काना, मात्रा, वेलांटी आणि कोरी जागा हींहि स्वतंत्र खुणा म्हणून मोजतें. त्या हिशेबानें हें वाक्य तेरा खुणांचें होतें. एका मुलानें सहाव्या खुणेनंतर 'मोठा' हा शब्द व त्यापुढील कोरी जागा घातली. त्याच क्षणीं दुसऱ्या गांवच्या मुलीनें वाक्याच्या शेवटीं, म्हणजे तेराव्या खुणेनंतर, जागा सोडून 'होता' लिहिलें. आतां तिचा निरोप 'तेराव्या खुणेनंतर लिही' असाच्या असा मुलाच्या यंत्रावर गेला तर काय होईल? मुलाचें वाक्य एव्हांना पांच खुणांनीं लांबलेलें आहे. तेथें तेरावी खूण म्हणजे 'पूर' शब्दांतील ऊकार. त्यामुळें वाक्य होईल 'नदीला मोठा पू होतार आला'! म्हणून यंत्र निरोप पोंचविण्यापूर्वीं त्यांत दुरुस्ती करतें. आधीं पांच खुणा आल्या आहेत, तेव्हां तेरा नव्हे, अठरा, असें तें गणित करतें. आणि दोघांच्याहि पडद्यांवर 'नदीला मोठा पूर आला होता' असेंच वाक्य उमटतें. ही युक्ति क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्ज ह्या दोघांनीं १९८९ सालीं शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. यंत्रामागें बेरीज-वजाबाकी आहे, चेटूक नाहीं, एवढें मुलांच्या ध्यानांत आलें तरी पुष्कळ झालें.

एकत्र लिहिण्याची कल्पना मात्र यंत्राबरोबर जन्मली असें समजूं नये. फ्रान्सच्या दक्षिणेस बार-स्युर-लू नांवाच्या खेड्यांत सेलेस्तँ फ्रेने हा प्राथमिक शिक्षक होता. पहिल्या महायुद्धांत छातीला जखम झाल्यामुळें त्याचा श्वास दुर्बल झाला होता, आणि दिवसभर उभें राहून मोठ्यानें व्याख्यान देणें त्याला अशक्य होतें. १९२४ सालीं त्यानें एक लहानसें हातछापयंत्र वर्गांत आणिलें. मुलें आपल्याला आलेला अनुभव लिहून आणीत. वर्ग मत देऊन त्यांतील एक निवडी. तो मजकूर फळ्यावर लिहून सर्वजण मिळून सुधारीत. आणि मग मुलेंच खिळे जुळवून तो छापीत. छापलेलीं पानें दूर ब्रिटनी प्रांतांतील एका शाळेंत जात व तेथील मुलांचीं इकडे येत. समुद्राकांठचीं मुलें डोंगरांतल्या मुलांस मासेमारीविषयीं लिहीत. ज्यानें समुद्र पाहिलेला नाहीं त्याला तो समजेल असें लिहावयाचें, म्हणजे मोघम शब्द चालत नाहींत, हें त्या मुलांना कोणी शिकवावें लागलें नसेल. महाराष्ट्रांतील अनेक शाळांतून निघणारे हस्तलिखित अंक हे ह्याच घराण्यांतले. त्यांत एक उणीव मात्र राहून जाई. हुशार मुलांचे लेख घ्यावयाचे, शिक्षकांनीं ते सुधारावयाचे, आणि वळणदार अक्षराच्या मुलीनें उतरावयाचे, असा प्रघात असल्यामुळें वर्गांतील बाकीचीं चाळीस मुलें त्या अंकाचे केवळ वाचक राहत.

आतां सामायिक पान वर्गांत कसें वापरावें, याचें एक उदाहरण घेऊं. आठवीच्या वर्गास 'आमच्या गांवचा आठवड्याचा बाजार' हा विषय दिला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. चार-चार मुलांचे गट पाडले आहेत आणि प्रत्येक गटास एक पान दिलें आहे. एकानें भाजीवाल्यांस विचारून यावें, एकीनें भाव टिपावे, एकानें जुन्या माणसांकडून पूर्वींच्या बाजाराची हकीकत मिळवावी, आणि चौथ्यानें हें सारें जुळवावें. दुसऱ्या दिवशीं शिक्षक पान उघडतो तों आरंभीं दोन वाक्यें आहेत: 'आमच्या गांवीं दर गुरुवारीं बाजार भरतो. बाजारांत खूप गर्दी असते.' ह्यांत व्याकरणाची चूक एकहि नाहीं, आणि अर्थहि फारसा नाहीं. निबंधाच्या वहींत ह्या वाक्यांवर बरोबरची खूण झाली असती. येथें शिक्षक 'खूप गर्दी' ह्या शब्दांना एक टीप चिकटवितो: 'कोणाची? कोठून आलेली? दिवसभर सारखीच असते काय?' एवढेंच. वाक्याला तो हात लावीत नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्याच जागीं असें वाक्य आलेलें असतें: 'दुपारीं चारला वाडीवरच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परततात, तेव्हां कारखान्यांतून सुटलेलीं माणसें पिशव्या घेऊन येतात.' इतिहासाच्या पानावर हीं दोन्ही वाक्यें एकाखालीं एक मांडून दाखविलीं, म्हणजे 'वर्णनांत नेमकेपणा असावा' ह्या विषयावरील व्याख्यानाची जरूर राहत नाहीं.

ह्यांत शिक्षकाचा संयम हीच सर्वांत अवघड वस्तु आहे. लिहितां लिहितां दुसऱ्याचें वाक्य सुधारून टाकण्याची सोय यंत्रानें दिली आहे, आणि शिक्षकाच्या हाताला ती संवय जुनीच आहे. पण शिक्षकानें मुलाचें वाक्य स्वतः सुंदर केलें तर तें वाक्य शिक्षकाचें होतें. मूल तें दुसऱ्या क्षणीं विसरतें. म्हणून गूगल डॉक्ससारख्या साधनांत 'सुचविणें' नांवाची जी रीत आहे, तिचा उपयोग करावा. त्या रीतीनें घातलेला बदल निराळ्या रंगांत दिसतो आणि मूळ लेखकानें मान्य केल्यावांचून पक्का होत नाहीं. मान्य करावयाचा कीं नाकारावयाचा, हें ठरविण्यासाठीं मुलाला आपलें वाक्य पुन्हां वाचावें लागतें. नाकारण्याचा अधिकार मुलाला खरोखरच असला पाहिजे. शिक्षकाची प्रत्येक सूचना डोळे मिटून स्वीकारणारा वर्ग शिकत आहे असें म्हणतां येणार नाहीं.

मुलांनीं एकमेकांचें लेखन वाचून सुचविणें याचें फळ त्याहून मोठें आहे, व तें कोणाच्या पदरांत पडतें हें समजून घेण्यासारखें आहे. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम व वेंडी बेकर ह्या दोन संशोधिकांनीं अमेरिकेंत इंग्रजी शिकणाऱ्या परभाषी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ९१ विद्यार्थ्यांचे दोन भाग केले होते. एका भागानें केवळ दुसऱ्यांचे निबंध वाचून त्यांवर अभिप्राय लिहिण्याचा अभ्यास केला. दुसऱ्या भागानें केवळ मिळालेल्या अभिप्रायांचा उपयोग करून निबंध सुधारण्याचा. शेवटीं दोन्ही भागांचें स्वतःचें लेखन तपासलें, तेव्हां अभिप्राय देणाऱ्यांची प्रगति घेणाऱ्यांपेक्षां अधिक दिसली, आणि नवशिक्यांत ती विशेष होती. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. दुसऱ्याच्या निबंधांत पाल्हाळ कोठें आहे हें शोधणारा डोळा हळूहळू आपल्याहि निबंधाकडे वळतो. वहीच्या व्यवस्थेंत हें सुख एकट्या शिक्षकाच्या वांट्याला येत असे. पन्नास वह्या वाचून लेखन कोणाचें सुधारलें असेल तर तें त्याचें!

गटाचें काम म्हटलें कीं एकानें राबावें व तिघांनीं नांवें घालावीं, ही तक्रार जुनी आहे. इतिहासाच्या पानामुळें ती बरीच कमी होते, कारण कोणी किती लिहिलें तें उघड दिसतें. पण येथेंहि सावधगिरी हवी. शब्द मोजून गुण देणारा शिक्षक अन्याय करण्याचा संभव आहे. ज्या मुलीनें बाजारांत तीन तास हिंडून भाव टिपले तिचे पानावर वीस शब्द असतील. आणि ज्यानें घरीं बसून गर्दीचें काव्यमय वर्णन केलें त्याचे दोनशें.

ह्या साधनांनीं सर्व कांहीं आपोआप होईल, अशी जर कोणाची समजूत असेल, तर पुण्यांत २०११ सालीं जें घडलें तें त्यानें आठवावें. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननें त्या वर्षीं पुण्यांतील कांहीं महाविद्यालयांत एक उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनीं नेहमींचा प्रबंध लिहून शिक्षकाच्या कपाटांत टाकण्याऐवजीं, आपल्या अभ्यासविषयावर इंग्रजी विकिपीडियांत लेख लिहावे अथवा असलेले वाढवावे, आणि त्याबद्दल त्यांना गुण मिळावे, अशी योजना होती. कल्पना उदात्त होती. जें लेखन एकच मनुष्य वाचतो, तेंहि घाईनें, त्याऐवजीं जगानें वाचावें असें लेखन करण्याची संधि विशीच्या आंतील मुलामुलींस मिळत होती. शेकडों विद्यार्थी त्यांत उतरले. पण थोड्याच काळांत जगांतील निरनिराळ्या देशांतून इंग्रजी विकिपीडियाची राखण करणाऱ्या स्वयंसेवकांच्या ध्यानांत आलें, कीं येणाऱ्या मजकुराचा मोठा भाग पाठ्यपुस्तकांतून व इतर संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला आहे. विकिपीडियांतील मजकूर कोणासहि पुन्हां वापरण्याची मुभा असते. म्हणून दुसऱ्याच्या मालकीचा मजकूर तेथें येणें हा केवळ आळस ठरत नाहीं, तो कायद्याचा भंग होतो. विद्यार्थ्यांस सूचना गेल्या, लेख काढून टाकले गेले, तरी ओघ थांबेना. तो सारा मजकूर तपासून वेगळा करतां करतां स्वयंसेवक थकून गेले, आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत तो उपक्रम बंद करावा लागला.

पुण्याच्या मुलांस ह्याबद्दल लबाड ठरविणें सोपें आहे, आणि त्या वेळीं तसें म्हणणारेहि निघाले. पण जरा मागें वळून पाहिलें पाहिजे. ह्या मुलांना पहिलीपासून काय शिकविलें होतें? फळ्यावरचें उत्तर वहींत जसेंच्या तसें उतरवावें. परीक्षेंत पुस्तकांतील शब्द जितके हुबेहूब येतील तितके गुण अधिक. निबंधाच्या मार्गदर्शिकेंतील 'माझा आवडता ऋतु' पाठ करावा. पंधरा वर्षें ज्या कृतीबद्दल शाबासकी मिळाली, तिलाच एके दिवशीं चोरी म्हटलें गेलें. शिवाय लिहावयाचें होतें तें इंग्रजींत. ज्याला स्वतःच्या भाषेंतहि ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा सराव नाहीं, त्यानें परभाषेंत अर्थशास्त्रावर काय लिहावें? आणि अनेक प्राध्यापकांस स्वतःला विकीचा परिचय बेताचाच होता. मुलें काय लिहीत आहेत तें वेळोवेळीं वाचणारा, 'खूप गर्दी'ला टीप चिकटविणारा कोणी त्यांच्याजवळ पुरेसा नव्हता. इतिहासाचें पान होतें. तें उघडून वाचलें तें सात समुद्रांपलीकडच्या परक्या माणसांनीं, आणि तेंहि मुलांस शिकविण्यासाठीं नव्हे तर ज्ञानकोश वांचविण्यासाठीं. साधन तेंच, पण शिक्षकाची जागा रिकामी राहिली. पुढें अमेरिका व कॅनडा येथील महाविद्यालयांसाठीं असें काम 'विकी एज्युकेशन' ह्या २०१३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें हातीं घेतलें, तेव्हां विद्यार्थ्यांस प्रथम नियमांचे लहान पाठ द्यावे आणि त्यांचें लेखन आधीं सरावाच्या पानावर घडूं द्यावें, यावर भर राहिला. म्हणजे पुन्हां धूळपाटीच!

शाळेनें यावरून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. पान प्रथम वर्गापुरतें असावें, जगापुढें मांडूं नये. कोणास पाहतां येईल व कोणास लिहितां येईल हें ठरविण्याची सोय ह्या साधनांत असते; ती पाहिल्याविना मुलांचीं पूर्ण नांवें, छायाचित्रें, घराचे पत्ते पानावर येऊं देऊं नयेत. विषय असा असावा, कीं त्याचें तयार उत्तर कोठें छापलेलें नाहीं. 'प्रदूषण : एक समस्या' ह्या विषयावर हजारों निबंध उचलावयास तयार आहेत; आपल्या आळींतील सार्वजनिक नळावर पाणी किती वाजतां येतें व तेथें पहिली घागर कोणाची लागते, यावर एकहि नाहीं. दोन शाळांनीं मिळून एक पान चालविलें तर फारच उत्तम. देवगडच्या मुलांनीं आंब्याच्या पेट्या भरण्याविषयीं लिहावें आणि लातूरच्या मुलांनीं प्रश्न विचारावे. मग लातूरच्यांनीं तुरीविषयीं लिहावें. १९२४ सालच्या फ्रेनेला याहून अधिक कांहीं नको होतें. त्याचीं पानें टपालानें जात, एवढाच फरक.

अडचणी आहेतच. पुष्कळ घरीं मोबाइल एकच असतो आणि तो बापाबरोबर शेतावर किंवा कारखान्यांत जातो. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या तेव्हां ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्रानें पाहिली. म्हणून घरून लिहून आणण्याची सक्ति करूं नये. शाळेंत एकच संगणक असला तरी गटानें आळीपाळीनें लिहितां येतें, आणि पडद्यावरील पान भिंतीवर मोठें करून दाखविण्याची सोय असेल तर सारा वर्ग मिळून एक परिच्छेद सुधारूं शकतो. मराठी टंकनाचा बाऊ मात्र आतां करण्याचें कारण नाहीं. इनस्क्रिप्टची कळपाटी क, ख, ग ह्या आपल्या वर्णमालेच्या क्रमास बरीचशी धरून मांडलेली आहे. आठ-पंधरा दिवसांत मुलांची बोटें तिच्यावर बसतात. मराठी मजकूर रोमन लिपींत लिहिण्याची जी संवय मोबाइलवर लागते, ती मोडण्यासहि ह्या सरावाचा उपयोग होतो.

एक नवा प्रश्न मात्र ३० नोव्हेंबर २०२२ पासून उभा राहिला आहे. त्या दिवशीं 'चॅटजीपीटी' लोकांस खुलें झालें, आणि विषय सांगतांच आख्खा निबंध लिहून देणारें यंत्र विद्यार्थ्यांच्या हातीं आलें. मार्गदर्शिकेंतून उचललेला मजकूर निदान शोधून तरी काढतां येत असे. हा मजकूर कोठेंच छापलेला नसतो. केवळ पक्की प्रत पाहणारा शिक्षक ह्यापुढें हतबल आहे. इतिहासाचें पान पाहणाऱ्यास निदान एक खूण मिळते. स्वतः लिहिणाऱ्याचें पान थांबत, अडखळत, खोडत भरतें. उचललेला मजकूर तीनशें शब्दांचा एक गोळा होऊन एका क्षणांत येऊन पडतो.

परंतु ह्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवणें अन्यायाचें होईल. ज्या मुलाजवळ यंत्र नाहीं तो घरीं कागदावर लिहितो, शाळेंत येतो, आणि मित्राच्या मोबाइलवर टाइप केलेला मजकूर पानावर एकदम चिकटवितो. इतिहासाच्या पानावर तो आणि लबाडी करणारा एकसारखेच दिसतात. अशा वेळीं शिक्षकानें नुसतें पान पाहून निकाल देऊं नये. मुलाला जवळ बोलावावें, निबंधांतील एखाद्या वाक्यावर बोट ठेवावें, आणि 'ही बाजारांतली म्हातारी तुला कोठें भेटली?' असें विचारावें. ज्याला ती भेटलेली असते तो मुलगा पानावर लिहिलें आहे त्याच्या दुप्पट सांगूं लागतो. आणि बरेचदां दप्तरांतून खाडाखोड केलेला, चुरगळलेला तो कागदहि काढून दाखवितो. त्या कागदाचें छायाचित्र त्याच पानाच्या तळाशीं लावून ठेवावें. मग पुढचा निबंध हातीं घेतांना त्याची पहिली खाडाखोड शिक्षकालाहि दिसते आणि त्यालाहि.